खिशातला विस्तव

काठगोदाम हे नाव मोठे बोलके आहे. काठ म्हणजे लाकूड आणि गोदाम म्हणजे वखार. 1884 मध्ये मैदानी मुलखातून येणारी आगगाडी हिमालयाच्या पायथ्याशी येथे येऊन थांबली, आणि आजही ती येथेच थांबते. पुढे डोंगर आहे. वरच्या रानांतले लाकूड उतरवून ठेवण्याची ही जागा होती. आता स्थानकाबाहेर पडल्यावर ओंडके दिसत नाहीत. दिसतात त्या नैनीताल, अल्मोडा, बागेश्वर अशी नावे पुकारणाऱ्या मोटारी. परंतु मोटार भोवालीची वळणे ओलांडून कोसी नदीच्या खोऱ्यात उतरली आणि अल्मोड्याच्या दिशेने पुन्हा चढू लागली, की खिडकीतून एक ओळखीचा वास आत येतो. देवघरात राळ जाळल्यावर येतो तसाच, पण अधिक ताजा. हा वास चिडाच्या डिंकाचा.

मराठी कानाला या झाडाचे नाव रागीट वाटते, आणि त्याचा स्वभाव पाहता ते अगदीच अयोग्य नाही. हे झाड चटकन पेट घेते. उत्तराखंडाच्या मधल्या उंचीवर, प्रामुख्याने 900 ते 1,800 मीटरच्या पट्ट्यात, चिडाची राने डोंगरउतारांवर सरळ उभी असतात. वीतभर किंवा त्याहून लांब अशा तीन तीन सुयांचा एकेक जुडगा, हे त्याचे पान. वाळून गळालेल्या या सुयांचा जो तांबूस गालिचा जमिनीवर पसरतो त्याला येथे पिरूल म्हणतात. त्यावरून चालताना नवख्या माणसाचा पाय बर्फावरून घसरावा तसा घसरतो. झाडाला जखम झाली की तीतून चिकट रस पाझरतो, तो लिसा. लिसा तापवून त्यापासून टर्पेंटाइन आणि राळ वेगळी काढतात, आणि कुमाऊंच्या वनखात्याचे ते कित्येक पिढ्यांचे उत्पन्न आहे.

कारखान्यात जाणाऱ्या लिशापेक्षा मला अधिक कुतूहल वाटले ते कारखान्यात न जाणाऱ्या लिशाचे. झाड पडते, वठते किंवा तोडले जाते. खोडाचे बाहेरचे लाकूड कुजून भुसभुशीत होते. परंतु बुंध्याशी आणि जुन्या जखमांभोवती जेथे लिसा मुरून बसलेला असतो, तो गाभा वर्षानुवर्षे टिकून राहतो. कुऱ्हाडीने तो फोडला तर आत मधासारख्या रंगाचे, हाताला किंचित तेलकट लागणारे, जड लाकूड निघते. त्याच्या करंगळीएवढ्या ढलप्या काढतात. त्यांना कुमाऊंनी भाषेत छिलुक म्हणतात. शेजारच्या नेपाळात हेच दियालो होय. घासलेट डोंगरात पोहोचले नव्हते तेव्हा घराघरांत उजेड छिलुकांचा असे, आणि रात्रीची वाट चालायची तर चार छिलुके एकत्र बांधून मशाल करीत. आता विजेचे दिवे आले, हातात विजेऱ्या आल्या, तरी चूल पेटविण्यासाठी दोन-चार छिलुके बाळगण्याची रीत वरच्या गावांतून गेलेली नाही. आम्हांला पिंडारी हिमनदीच्या वाटेवर घेऊन जाणारे जे वयस्क वाटाडे भेटले, त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात कापडात गुंडाळलेला असा एक जुडगा असे. थोरल्या भावाला कुमाऊंत दाज्यू म्हणतात. आम्ही सर्वजण त्यांना त्याच नावाने हाक मारू लागलो.

जळण आणि पेटवण यांतला भेद ज्याला कळला त्याला निम्मी विद्या आली, असे दाज्यूंच्या बोलण्यावरून वाटे. शहरातला माणूस समजतो की काडी ओढली की विस्तव झाला. वस्तुतः काडी दहा-बारा सेकंद जळते, आणि मनगटाएवढे लाकूड धरायला काही मिनिटांची सलग आच लागते. लाकूड ओले असेल तर आधी त्यातल्या पाण्याची वाफ करण्यातच ती आच खर्ची पडते आणि लाकूड काळे पडून धुमसत राहते. या दोहोंमध्ये तीन-चार मिनिटे नेटाने जळणारे काहीतरी हवे, तेच पेटवण. छिलुकात हे काम लिसा करतो. त्यातले टर्पेंटाइन थोड्या उष्णतेने वायुरूप होऊन पेटते, राळ सावकाश वितळत त्याला पुरवठा करते, आणि असल्या लाकडात पाणी शिरतच नसल्यामुळे पावसात भिजलेली ढलपीसुद्धा अंगरख्याला पुसून पेटविता येते.

काडेपेटी नव्हती तेव्हा पहिली ठिणगी कोठून येई? हिमालयातल्या अनवालांकडे, म्हणजे शेळ्यामेंढ्यांचे कळप घेऊन उन्हाळ्यात उंच कुरणांवर जाणाऱ्या धनगरांकडे, अगेला असे. अगेला म्हणजे पोलादाचा एक चपटा तुकडा. डांसी नावाच्या पांढऱ्या, कठीण दगडावर तो झटक्याने घासायचा आणि उडालेली ठिणगी झेलायची ती एका रानवनस्पतीच्या पानामागच्या पांढऱ्या, कापसासारख्या लवेवर. आपल्याकडची चकमक हीच. महाराष्ट्रातल्या खेड्यांत जुन्या माणसांच्या चंचीत पानसुपारी-तंबाखूबरोबर चकमक, गारगोटी आणि सावरीच्या किंवा साध्या कापसाचा बोळा असे, हे ज्यांनी आजोबा-पणजोबांकडून ऐकले आहे त्यांना अगेल्याची निराळी ओळख करून द्यावयास नको. एक गैरसमज मात्र सर्वत्र आढळतो. ठिणगी दगडातून निघते असे लोक समजतात. ठिणगी लोखंडाची असते. कठीण दगडाने पोलादाचा अतिसूक्ष्म कीस खरवडला जातो आणि तो हवेत तापून जळतो. म्हणूनच मऊ दगडाने चकमक झडत नाही आणि गंजलेल्या पोलादाने ती रुसते. 1903 साली ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी लोखंड आणि सेरियम यांचा जो मिश्रधातू तयार केला, त्याच्या ठिणग्या अधिक उष्ण असतात. खिशातल्या लायटरमधला ‘दगड’ म्हणजे तोच धातू.

या वाटेवर एका माणसाची आठवण न येणे कठीण आहे. मिलम हे जोहार खोऱ्यातले गाव, पिंडारीपासून पूर्वेला. तेथले शाळामास्तर नैनसिंह रावत भारतीय सर्वेक्षण खात्याचे गुप्त मोजणीदार होऊन तिबेटात गेले आणि 1866 च्या आरंभी ल्हासाला पोहोचले. शंभर मण्यांच्या जपमाळेवर त्यांनी पावले मोजली, प्रार्थनाचक्रात नोंदींचे कागद लपविले, ही कथा सुपरिचित आहे. तिच्यातली दुसरी बाजू सहसा कोणी सांगत नाही. उंची मोजण्यासाठी नैनसिंह पाणी उकळून त्याचे तपमान घेत. जितके उंच जावे तितके पाणी कमी तपमानाला उकळते. म्हणजे तिबेटच्या त्या झाडविरहित, वाऱ्याने झोडपलेल्या पठारावर ठिकठिकाणी, कोणाचा संशय न येऊ देता, आधी विस्तव पेटविणे आले. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने 1877 मध्ये त्यांना सुवर्णपदक दिले. त्या पदकामागे किती चुली आहेत हे कोणी मोजलेले नाही.

अल्मोड्याहून बागेश्वरला उतरलो की शरयू आणि गोमती यांच्या संगमावर बागनाथाचे मंदिर लागते. मकरसंक्रांतीला येथे उत्तरायणीची मोठी जत्रा भरते. 14 जानेवारी 1921 रोजी याच जत्रेत बद्रीदत्त पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या सांगण्यावरून गावोगावच्या प्रमुखांनी कुली-बेगारीच्या वह्या शरयूत फेकून दिल्या. साहेबलोकांची ओझी फुकट वाहण्याची सक्ती त्या दिवशी संपुष्टात आली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात कुमाऊंची चिडाची राने पेटली. सरकारने राने राखीव करून चराई, जळण आणि लाकूड यांवर निर्बंध घातले होते, आणि लोकांनी पेटविली ती मुख्यत्वे सरकारच्या उत्पन्नाची लिशाची राने. पुढे चौकशीसमिती नेमली गेली आणि 1931 मध्ये वनपंचायतींचे नियम झाले. ज्या ढलपीने घरातली चूल पेटते तिनेच डोंगर पेटविता येतो, हे येथल्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. त्यामुळेच की काय, विस्तवाशी त्याची वागणूक आपल्यापेक्षा पुष्कळच अदबीची असते.

बागेश्वरहून कपकोट, तेथून सोंग आणि लोहारखेत. येथपर्यंत चीड सोबत असतो. लोहारखेतहून धाकुडीची खिंड चढू लागलो की तो मागे पडतो आणि बांज नावाचा ओक व तांबड्या फुलांचा बुरांश यांचे दाट, ओलसर रान सुरू होते. बुंध्यांवर शेवाळ, फांद्यांवर नेचे, पायांखाली काळी माती. सुमारे 2,800 मीटरवरच्या खिंडीतून मैकतोलीचे शिखर आणि त्याची भावंडे एकदम समोर येतात, आणि ज्याने आठ दिवसांची रजा कशासाठी काढली असे घरी विचारले जाणार आहे त्याला उत्तर मिळते. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते खाली, चढाच्या आरंभी घडले. दाज्यूंनी एका पडलेल्या, अर्धवट कुजलेल्या खुंटाशी थांबून कोयत्याने सात-आठ ढलप्या काढल्या. उभ्या झाडाला त्यांनी हात लावला नाही. काही लोक छिलुकासाठी जिवंत झाडाच्या बुंध्याशी खाच पाडतात. तीत लिसा जमतो, पुढच्या वणव्यात तीच जागा आधी पेटते आणि झाड वादळात त्या ठिकाणी मोडते. असली पोखरलेली झाडे त्यांनी वाटेत दोन ठिकाणी दाखविली आणि कपाळाला आठी घातली. वर छिलुक मिळणार नाही, म्हणून ते खालून न्यायचे, एवढाच त्यांचा हिशेब होता.

त्या हिशेबाची किंमत द्वालीला कळली. खाती या गावाच्या पुढे वस्ती नाही. पिंडर नदीच्या काठाने वाट चढत जाते आणि सुमारे 2,600 मीटर उंचीवर, पिंडर व कफनी या नद्यांच्या संगमाशी, द्वालीचा मुक्काम लागतो. जून 2013 च्या महापुराने या वाटेवरचे पूल वाहून नेले होते. ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता. पाऊस संपला असे पंचांग म्हणत होते, पण दुपारपासून संततधार लागली. एका गधेऱ्यावर, म्हणजे डोंगरी ओढ्यावर, टाकलेल्या ओल्या लाकडावरून माझ्या पंधरा वर्षांच्या पुतणीचा पाय निसटला. पाणी कमरेपेक्षा जास्त नव्हते आणि दाज्यूंनी तिला लगेच वर ओढले. मार काही बसला नाही. परंतु पुढे तासभर चालून आम्ही द्वालीला पोहोचलो तेव्हा ती हुडहुडत होती, दात वाजत होते, आणि नेहमी एका वाक्याच्या जागी चार बोलणारी ती मुलगी शब्द अर्धवट टाकू लागली होती. दाज्यूंचे सारे लक्ष तिच्या बोलण्याकडे होते. “थंडी दातांत आहे तोवर भीती नाही,” ते म्हणाले, “जिभेवर आली की थांबायचे नाही.”

आधी तिचे ओले कपडे उतरवून माझ्या पत्नीने तिला कोरडी लोकर घातली आणि पांघरुणात गुंडाळले. हे पहिले, विस्तव दुसरा, हा क्रम प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखा आहे. एका चहावाल्याच्या दगडी झोपडीत चूल होती, बांजाचे जळणही होते, पण ते कित्येक दिवसांच्या धुक्याने दमट झालेले. कोनाड्यातल्या काडेपेटीच्या कडा हाताला लोण्यासारख्या लागत होत्या. काड्या कोरड्या असल्या तरी उपयोग नव्हता. काडेपेटीच्या काडीवर पोटॅशियम क्लोरेट आणि गंधक असते, तर तांबडा फॉस्फरस असतो तो पेटीच्या कडेला. दोहोंची गाठ पडल्याशिवाय ज्वाळा नाही. म्हणून सुरक्षित काडी सुरक्षित. आणि म्हणूनच कड ओली झाली की सगळी पेटी गेली. आमच्या काड्या आणि कापून घेतलेला कडेचा एक तुकडा मलमाच्या रिकाम्या डबीत चिकटपट्टी लावून बंद होता. तेवढे कोरडे निघाले.

त्यानंतर जे पाहिले ते मी सावकाश सांगतो, कारण ते फार थोड्या वेळात घडले. दाज्यूंनी बांजाचा एक ओंडका उभा फोडला. दमटपणा बाहेरून शिरलेला असतो, आतला भाग पुष्कळ कोरडा निघतो. आतल्या भागाचे त्यांनी तीन ढीग केले, करंगळीएवढ्या, अंगठ्याएवढ्या आणि मनगटाएवढ्या तुकड्यांचे. एका छिलुकाचे टोक कोयत्याने तासून त्याच्या साली फुलासारख्या उलगडून ठेवल्या. दुसरे आडवे टेकविले. एकच काडी ओढली. साली तडतडल्या, काळसर धूर निघाला आणि पिवळी, जाड ज्वाळा उभी राहिली. करंगळ्या, अंगठे, मनगट, या क्रमाने जळण चढत गेले. मनगटाने पेट घेतल्याबरोबर त्यांनी दुसरे छिलुक चुलीतून ओढून काढले, राखेत दाबून विझविले, पुसले आणि परत खिशात ठेवले. ते निम्मे उरले होते. अर्ध्या तासाने पुतणीने गूळ घातलेल्या चहाचा दुसरा पेला मागितला आणि त्यात आले नाही अशी तक्रार केली, तेव्हा आम्हां सर्वांचा जीव भांड्यात पडला.

आता कोणी म्हणेल, पुण्या-मुंबईच्या, नागपूर-इंदूरच्या माणसाने छिलुक कोठून आणावे? आणूही नये. पण पेटवण घरी करता येते, त्याला खर्च जवळजवळ पडत नाही, आणि पावसाळ्यात सह्याद्रीतल्या गडावर जाणाऱ्या मुलाच्या खिशात किंवा वादळी रात्री वीज गेलेल्या घरातल्या फडताळात ते असले तर कामाला येते. आम्ही घरून नेलेली डबी दुसऱ्या दिवशी फुरकियाला, 3,200 मीटरच्या वर, उघडली आणि ती दाज्यूंच्या परीक्षेला उतरली.

सर्वांत सोपे पेटवण म्हणजे औषधी कापसाचा बोळा आणि पेट्रोलियम जेली. सुपारीएवढा बोळा घ्यावा, त्याच्या बाहेरच्या अंगाला हरभऱ्याएवढी जेली चोळावी आणि आतला थोडा कापूस मुद्दाम कोरडा ठेवावा. पेटविताना बोळा ताणून उघडावा म्हणजे कोरडे तंतू बाहेर येतात; ते ठिणगी धरतात आणि जेली त्यांना तीन-चार मिनिटे जळत ठेवते. कापूस येथे वातीचे काम करतो आणि जेली तेलाचे. निरांजन लावणाऱ्या गृहिणीला यात नवीन असे काही नाही. जेली अधिक थापली तर मात्र बोळा पेटतच नाही. असे आठ-दहा बोळे लहानशा झाकणाच्या डबीत राहतात आणि वर्षभर खराब होत नाहीत.

दुसरा प्रकार मेणाचा. अंड्यांचा कागदी ट्रे, सुताराकडचा लाकडाचा भुसा आणि जळून उरलेल्या मेणबत्त्यांची थोटके एवढे साहित्य. ट्रेच्या खणांत भुसा भरून त्यावर वितळलेले मेण ओतावे, थिजल्यावर खण सुटे करावेत. एकेक खण आठ-दहा मिनिटे जळतो आणि पाण्यात पडला तरी पुसून पेटविता येतो. मेण वितळविताना भांडे कधीही सरळ विस्तवावर ठेवू नये. उकळत्या पाण्याच्या पातेल्यात दुसरे भांडे ठेवून त्यात वितळवावे. मेणाने भडका घेतलाच तर त्यावर पाणी टाकू नये, झाकण घालावे. हे काम मुलांवर सोपवू नये. ट्रे प्लास्टिकचा चालत नाही, हे सांगावयास नकोच. पण सांगितलेले बरे.

कापूर आपल्या घरात असतोच, आणि तो पेट घेण्यात कोणालाही हार जात नाही. त्याचा दोष एवढाच की तो उघडा राहिला तर हवेत उडून जातो. पुडीत बांधून नेलेला कापूर चार दिवसांनी पाहावा तर नुसती पुडीच हाती येते. घट्ट झाकणाची काचेची कुपी त्याला लागते. सायकलच्या फाटक्या ट्यूबची बोटभर पट्टी पावसातही धडधड जळते, पण तिचा धूर काळा, घाणेरडा आणि विषारी असतो. जीवावरच्या प्रसंगी मोकळ्यावर ती चालेल, चुलीत किंवा बंद खोलीत नाही. वर्तमानपत्राचा कागद मात्र भरवशाचा नाही. दमट हवेत तो आधी मऊ पडतो आणि मग नुसता धुरावतो.

ज्यांना चकमकीची हौस आहे त्यांनी जळकी चिंधी करून पाहावी. जुन्या सुती धोतराचे चौकोनी तुकडे लहान पत्र्याच्या डबीत घालावे, झाकणाला खिळ्याने एक बारीक भोक पाडावे आणि डबी मोकळ्या हवेत निखाऱ्यांवर ठेवावी. भोकातून धूर येत राहतो. तो थांबला की डबी बाजूला काढून पूर्ण निवू द्यावी, गरम असताना उघडू नये, नाहीतर आत हवा जाऊन चिंधी पेटते. आत काळेभोर, हलके कापड मिळते. त्यावर लोखंडाची साधी ठिणगी पडली तरी ती विझत नाही, तांबड्या ठिपक्यासारखी पसरत जाते. मग ती चिंधी सुक्या गवताच्या किंवा काथ्याच्या घरट्यात ठेवून फुंकर घालावयाची. याला सराव लागतो, आणि पहिल्या दिवशी हाताची सालटी निघतात.

या सगळ्यापुढे काडेपेटी किती स्वस्त! इंग्लंडात जॉन वॉकर यांनी 1827 मध्ये घासून पेटणारी काडी विकावयास काढली. आपल्याकडे 1923 च्या सुमारास पी. अय्या नाडार आणि ए. षण्मुग नाडार हे कलकत्त्याहून ही कला शिकून शिवकाशीला परतले आणि त्या कोरडवाहू गावाला त्यांनी उद्योग दिला. त्याच वर्षी स्थापन झालेल्या विम्को कंपनीचा अंबरनाथचा कारखाना मुंबईकडच्या जुन्या वाचकांना आठवत असेल. चौदा वर्षे एक रुपयाला मिळणारी पेटी डिसेंबर 2021 पासून दोन रुपयांची झाली. घरोघर शेणी राखेत पुरून विस्तव राखण्याची आणि विझलाच तर शेजारी विस्तव मागावयास जाण्याची पद्धत या पेटीने मोडली. सोय झाली यात शंका नाही. विस्तव मागावयास गेलेली सून शेजारणीजवळ दोन सुखदुःखाच्या गोष्टी बोलून येई, ते मात्र गेले. आणि सासूलाही ते माहीत असे, असे जुन्या बायका हसून सांगत.

प्रवासाचे काही निर्बंध पाळलेच पाहिजेत. आगगाडीत ज्वालाग्राही पदार्थ नेणे हा 1989 च्या रेल्वे कायद्याप्रमाणे गुन्हा आहे; घासलेट, पेट्रोल, गॅसची टाकी, स्टोव्ह यांपैकी काहीही बरोबर घेऊ नये. विमानात काडेपेटी व लायटर नेण्यास आपल्याकडे मनाई आहे. ती वस्तू हल्द्वानीच्या बाजारात घ्यावी. आणि रानात, विशेषतः 15 फेब्रुवारी ते 15 जून या वणव्याच्या दिवसांत, हौसेची शेकोटी करूच नये. एप्रिल-मे 2016 मध्ये आणि पुन्हा एप्रिल 2024 मध्ये उत्तराखंडाच्या रानांवर पाणी शिंपडण्यासाठी वायुदलाची हेलिकॉप्टरे आणावी लागली. जून 2024 मध्ये अल्मोड्याजवळच्या बिनसर अभयारण्यात वणवा विझविण्यास गेलेले वनकर्मचारी भाजून मरण पावले. पिरूल हे या वणव्यांचे मुख्य भक्ष्य. म्हणून ते गोळा करून त्याच्या कांड्या बनविण्याचे आणि वीज निर्माण करण्याचे लहान उद्योग कुमाऊंत उभे राहिले आहेत. रानात जेथे परवानगी असेल तेथेही वनखात्याच्या चौकीवर विचारून, बांधलेल्या चुलीतच विस्तव करावा.

विस्तव विझविण्याची रीत द्वालीला दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिली. निघण्यापूर्वी दाज्यूंनी चुलीतली राख काठीने पसरली, तीवर पाणी ओतले, पुन्हा ढवळली, पुन्हा ओतले. मग उजवा तळहात राखेत खुपसून कोपऱ्याकोपऱ्यातून फिरविला. जेथे किंचित ऊब लागली तेथे आणखी पाणी. आम्ही पाठीवर पिशव्या चढवून पावसाने धुतलेल्या उजेडात उभे होतो. समोर कफनीचे पाणी खळाळत होते आणि फुरकियाची चढण वाट पाहत होती. त्यांना घाई नव्हती. पेटविण्यास जेवढा वेळ लागला होता त्याच्या दुप्पट तरी या कामाला लागला असेल.

परतताना खरकियाला, जेथे आता मोटाररस्ता पोहोचला आहे तेथे, निरोपाच्या वेळी माझ्या पुतणीने उरलेल्या बोळ्यांची डबी दाज्यूंपुढे धरली. त्यांनी एक बोळा नाकाशी नेला, बोटांनी ताणून पाहिला आणि किती पडतात असे विचारले. “एकाला रुपयादेखील नाही,” ती म्हणाली. त्यांनी मान हलविली. “छिलुकाला तेवढेही नाही, लली. पण माझी सून आता हल्द्वानीला राहते. तिकडे छिलुक कोठले?” आणि डबी त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात, त्या अर्ध्या जळलेल्या ढलपीशेजारी ठेवून दिली.